तेराव्याचं लुगडं

जिंतूरचे पाहुणे अर्ध्या चहावरच उठले. दारात चपला घालताना मुलाचे वडील बन्सीधर एवढंच म्हणाले, "मास्तर, फोन करतो." धम्मानंदला तेव्हाच कळलं, की हा फोन येणार नाही.

धम्मानंद मानवतच्या शाळेत मास्तर होता. धम्मशीलेला बघायला पाहुणे यायचे तर गावाकडच्या घरीच यावेत, आजी-आजोबांच्या समोर, हा हट्ट त्याचाच. बायको नको म्हणत होती, ती रुसून मानवतलाच राहिली. धम्मानंदचे आबा पंडित आणि माय सरजाबाई ख्रिस्ती झालेले, भिंतीवर क्रूस टांगलेला, उगीच कुणी काही विचारलं तर? तो म्हणाला होता, "विचारू दे. ते प्रभूचं करतात, मी बाबासाहेबांचा धम्म सोडलेला नाही. घर एकच आहे."

आणि खरंच, त्याचं कुणी काही विचारलं नाही. एका भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दुसरीवर क्रूस, हे बघून बन्सीधर उलट हसले होते, "सगळेच बसलेत की बैठकीला!" पोहे आले तेव्हा पंडितनं सवयीनं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. पाहुण्यांसाठी मागितलं, गावासाठी मागितलं, पावसापाण्यासाठी मागितलं, देशाच्या कारभाऱ्यांपर्यंत पोचला, तेव्हा सरजाबाईनं नेहमीसारखं मधेच मोठ्यानं "आमेन" म्हणून त्याला थांबवलं. "पोहे वाळून चाल्लेत," ती म्हणाली. सगळे हसले. मुलाची आईसुद्धा.

त्या हसण्यातच त्या बाईनं सरजाबाईच्या पदराला हात लावून पाहिला. हिरवं इरकल, लाल काठ. "आजी, लुगडं लय भारी हाय. कुठून घेतलं?"

सरजाबाईनं खरं ते सांगितलं. "घेतलं न्हाई, माय. आमच्या पाटलाच्या सुमनआक्काचं हाय. गेली बिचारी. तिच्या तेराव्याला मला दिलं त्यांनी."

बन्सीधरांची बशी तोंडापाशी गेलेली तशीच खाली आली.

आता पाहुण्यांची गाडी पेडगावच्या फाट्याकडं गेली होती. कपांतल्या चहावर साय धरत होती. धम्मानंद दारातून आत आला आणि आईसमोर उभा राहिला.

"माय, ते लुगडं काढ."

"दादा, पाहुणे गेले म्हणून तिच्यावर कामून डाफरतोस?" पप्पू म्हणाला. पप्पू धाकटा, पिकअप चालवायचा, आईबापाबरोबर त्यानंही बाप्तिस्मा घेतला होता. "लुगड्यावरून सोयरीक मोडणारी माणसं गेली तीच बरी."

"तुला कळत नाही का मढ्यावरचं कापड म्हणजे काय?"

"मढ्यावरचं कशाचं?" सरजाबाई म्हणाली. ती अजून पाटावरच बसली होती. "कपाटातलं हाय. आक्कानं जितेपणीच सांगितलं होतं मला. सरजे, मी गेल्यावर हे हिरवं तुला. स्वतःच्या तोंडानं."

"तेराव्याला दिलं ना पण?"

"दिलं. तिच्या सुनेनं, सवितानं दिलं. रडत दिलं."

"आत बोलवून, का ओट्याच्या खाली उभी करून?"

सरजाबाईनं पदराचा लाल काठ सारखा केला.

या घरात ती गोष्ट लहान लेकरालाही ठाऊक होती. गावात पाटलाच्या किंवा कुळवाड्याच्या घरात कुणी मेलं, की तिरडीवरचं कापड उतरून यांच्या वस्तीत यायचं. त्याला हक्क म्हणायचे. धम्म घेतला त्या साली पंडितच्या बापानं असं एक लुगडं चावडीसमोर नेऊन टाकलं होतं आणि म्हणाला होता, हा हक्क तुमचा तुमाला. त्यानंतर वस्तीचं पाणी बंद झालं, काम बंद झालं. पंडितची मोठी बहीण त्याच उन्हाळ्यात दूरच्या ओढ्याचं गढूळ पाणी पिऊन गेली. धम्मानंदनं ही गोष्ट भाषणात सांगितली होती, शाळेत सांगितली होती, अगदी मघाशी बन्सीधरांनाही मोठ्या तोऱ्यात सांगितली होती. आणि त्याच घराची म्हातारी त्यांच्यासमोर तेराव्याचं लुगडं नेसून बसली होती.

"आबा, तुम्ही बोला," तो बापाकडं वळला. "तुमच्या बापानं टाकलेलं हे परत घरात आलंय."

पंडित खाटेवर होता. डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यापासून तो माणसाकडं न बघता आवाजाकडं बघायचा. "धम्मा," तो म्हणाला, "तिनं हक्कानं न्हाई घेतलं. मायेनं घेतलं. देणाऱ्याचं मन..."

"देणाऱ्याचं मन तुम्हाला दिसतं का?"

"प्रभूनं चेल्यांचे पाय धुतले, लेकरा. त्यानं बघितलं का कोण कोणत्या मनाचा हाय ते?"

"धुतले," धम्मानंद म्हणाला. "पण ज्यांचे धुतले ते त्याच्याबरोबर एका पंगतीला जेवले, आबा. तुम्हीच वाचून दाखवलंय मला. मायचं सांगा. मायनं दीड वर्ष त्या सुमनबाईचं हागणं-मुतणं काढलं. तिला पंगतीला बसवलं का कुणी?"



धम्मशीला आतापर्यंत कुडाला टेकून उभी होती. "पप्पा, बस करा ना," ती म्हणाली. "मला जायचंच नव्हतं त्या घरी. आजीनं सेवा केली, नर्स करते तशी. त्यात लाज कसली?"

"नर्स पगार घेते, बाई." धम्मानंद खाली बसला. त्याचा आवाजही खाली आला. "सविता पहिल्या दिवशी पैसे देत होती मायला. हिनं घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं. मजूर तरी झाली असती. फुकट केलं, म्हणून ती परत त्यांची महारीण झाली."

तो शब्द या घरात कुणी उच्चारत नसे. मोरीपाशी कप घेऊन चाललेली मनिषा जागीच थांबली.

मनिषा ही पप्पूची बायको. सगळ्यांना वाटायचं, सासू पाटलाच्या वाड्यात जाते म्हणून सकाळचं सारं काम हिच्या गळ्यात पडतं आणि त्याचा हिला राग आहे. राग होताच. लकवा झालेल्या सुमनबाईला कुशीवर वळवून, पाठीच्या जखमा धुऊन, पावडर लावून सासू घरी यायची तेव्हा ऊन वर आलेलं असायचं. तिथून मग ती वस्तीतल्या रंगनाथच्या आईकडं जायची, तिचे केस विंचरायची, तिला भरवायची. घरच्या भाकरी मनिषाच थापायची.

पण आता तिच्या मनात ते नव्हतं. तिच्या मनात पाण्याची बाटली होती.

"माय, एकच विचारतो," धम्मानंद बाहेर म्हणत होता. "खरं सांग. दीड वर्षात त्या घरात तू पाणी पिलीस का?"

मनिषानं खुंटीकडं बघितलं. तिथं सासूची कापडी पिशवी होती. तीत डेटॉल, जुनं मऊ कापड, कंगवा, आणि पाण्याची बाटली. ती बाटली रोज सकाळी मनिषाच भरायची. उन्हाळ्यात मोठी, हिवाळ्यात लहान. पाटलाच्या घरी आडाचं गोड पाणी, दारात नळ, आणि इथून बाटली कशाला, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. सासूनंही कधी सांगितलं नव्हतं.

"हात घाण असत्यात माजे," सरजाबाई म्हणाली. "घाणीच्या हातानं कुठं पाणी मागावं."

"साबणानं धुत होतीस की," पप्पू म्हणाला. मघाची त्याची गुर्मी गेली होती. "माय? आं? त्यांनी कधी इचारलंबी न्हाई?"

"मी मागितलंच न्हाई, तर त्यांनी कामून इचारावं?"

"का मागितलं न्हाई, आत्याबाई?" मनिषा आतूनच म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. मनिषा कधी मधे बोलत नसे. धम्मशीला आजीच्या बाजूनं दोन पावलं पुढं आलेली होती, ती परत कुडाला जाऊन टेकली आणि नखांकडं बघत बसली.

सरजाबाई उठली. आत गेली, लुगडं बदलून आली. हिरवं इरकल घडी घालून तिनं त्याच कापडी पिशवीत ठेवलं.

"परत देऊन येते," ती म्हणाली. "आन् पाणीबी मागते. मंग तर झालं?"

"मी येतो संगं," पप्पू म्हणाला.

"नको. भांडायला जायलाय का मी? आक्का माज्या हातावर गेली, पप्पू. शेवटाला जीभ उचलत नव्हती तर हात धरून ठेवला होता माजा. सुनेचा न्हाई, माजा. ते तुमाला काय म्हाईत?"

बाटली मात्र तिनं खुंटीखाली काढून ठेवली.

*

व्यंकटराव पाटील ओट्यावर खुर्चीत बसले होते. बायको गेल्यापासून त्यांनी दाढी केली नव्हती. सरजाबाईला बघून त्यांनी मान हलवली. "ये, सरजा. दोन दिस झाले दिसली न्हाईस."

"मालक, जरा सवितीबाईला बोलवा."

सविता हात पुसत आली. सुमनबाईची सून. चांगली होती बिचारी. परभणीला नवऱ्याबरोबर राहायचं सोडून सासूपायी इथं अडकली होती. सरजाबाईला बघून तिचं तोंड खुललं. "आलात का! मी तुमच्याकडंच यायलते. काम होतं तुमच्याशी."

सरजाबाईनं पिशवीतून लुगडं काढलं. "हे घ्या, बाई. माजं लेकरू रागावलंय. मास्तर हाय ना त्यो. आक्काची आठवण म्हणून मी घेतलं होतं. पण तुमी ठिवा. तुमाला शोभंल. कपाटात घडी ऱ्हाऊ द्या."

सविता एक पाऊल मागं सरकली. हात तिनं पदराखाली घेतले.

"अवो, ते कसं घेता येईल?" ती म्हणाली. "ते आत्याबाईंच्या अंगावरचं हाय."

"अंगावरचं? नेसायच्या का ते?"

"नेसायच्या न्हाईत. तिरडीवर टाकलेलं. मसणात उतरून आणलं आमच्यातल्यांनी. आत्याबाईंनीच सांगून ठिवलं होतं. माज्यावर ते हिरवं इरकल टाका, आन् मग सरजीला द्या. तिचा हक्क हाय, तिला दिल्याबिगर माजा जीव मोकळा व्हायचा न्हाई." सविताचे डोळे भरून आले. "लय जपायच्या त्या जुन्या गोष्टी. आता कोण पाळतंय सांगा. पण मी म्हटलं, मरणाऱ्याचा शब्द हाय, मोडू ने."

सरजाबाईच्या हातात लुगडं होतं. ते तिनं तीन दिवस उशाशी घेतलं होतं. आज सकाळी देवाचं नाव घेऊन नेसलं होतं.

"आक्का म्हणली... हक्क?"

"होय. लय येळा."

व्यंकटराव खुर्चीतून म्हणाले, "मास्तराला सांग, नको तर नको. बळजबरी कुणाची हाय? नदीला सोड न्हाईतर जाळ. पण मढ्यावरून उतरलेलं माघारी घरात घेत नसत्यात. इघ्न असतंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. गोठ्याला दार कुठून असावं हे सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

सरजाबाईला सुमनबाईचा हात आठवला. लाकडासारखा वाळलेला, तरी केवढी पकड. तो हात तिला धरून होता, की कामाला धरून होता? दीड वर्षं ती त्या तोंडाकडं बघत आली होती. डोळे पुसले होते, लाळ पुसली होती. सुमनबाई तिच्याकडं बघून रडायची तेव्हा सरजाबाईला वाटायचं, प्रभूनं हिचं काळीज मऊ केलं. मऊ झालं असेलही. कुणाला विचारायचं आता?

"माजं काम असं होतं," सविता हळू आवाजात म्हणाली, "मामांना आता रात्री उठवत न्हाई. कपडे खराब करत्यात. माज्याकडून पुरुष माणसाचं... तुमी तर सगळ्यांचं करता. तुमच्या देवाचंच हाय ना तसं? उद्यापासून येता का? पैसे तुमी घेत न्हाईत, मला म्हाईत हाय."

सरजाबाईनं लुगडं पिशवीत घातलं. "बघू," ती म्हणाली. मग म्हणाली, "सवितीबाई, पाणी द्या जरा. तान लागली."

"पाणी? देते की. थांबा हां."

ती लगबगीनं आत गेली. ओट्याच्या खालून सरजाबाईला दारातून मांडणी दिसत होती. स्टीलचे तांबे, फुलपात्री, पेले, ओळीनं. सुमनबाईला पाणी पाजताना त्यातलाच पेला सविता भरून आणून द्यायची आणि सरजाबाई तो सुमनबाईच्या ओठांना लावायची. पेला वापरून झाला की मोरीत वेगळा ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं. आपणच ठेवायची.

भांड्याला भांडं लागल्याचा आवाज आला. मग तो थांबला. आत काही हललं नाही. व्यंकटराव खोकले. मग प्लास्टिकची पिशवी फाडल्याचा आवाज आला.

सविता बाहेर आली ती हसतच. हातात कागदाचा पेला होता, वर गुलाबाची फुलं छापलेला. तेराव्याच्या पंगतीतले उरले होते त्यांतला. "गार हाय, माठातलं," ती म्हणाली आणि वाकून तो तिनं ओट्याच्या कडेवर ठेवला.

सरजाबाईनं तो उचलला आणि पाणी पिऊन टाकलं. पाणी खरंच गार होतं. घशाखाली उतरताना तिला कळत होतं, कुठवर गेलं ते.

"पेला तिकडं उकिरड्यावर टाका," सविता म्हणाली. "मंग उद्या?"

सरजाबाईनं पेला पिशवीत, लुगड्यावर ठेवला.

*

दिवेलागणीला ती घरी आली. कुणी जेवलं नव्हतं. धम्मानंदची मानवतची शेवटची गाडी जायला आली होती, तरी तो थांबला होता. येताच विचारायचं असं त्यानं काही काही ठरवलं होतं.

"घेतलं का परत?"

"न्हाई घेतलं. तू म्हणत होतास तसंच हाय. तिरडीवरचंच हाय ते."

पप्पू शिवी हासडून उठला. "मी बघतोच त्यांच्याकडं. पाटलाच्या ओट्यावर आत्ता..."

"खाली बैस," सरजाबाई म्हणाली. तिनं पिशवीत हात घातला आणि कागदाचा पेला काढून धम्मानंदच्या पुढ्यात ठेवला. बूड भिजून एका बाजूला दबलं होतं, म्हणून तो सरळ उभा राहीना, कलंडला. "पाणीबी पिले," ती म्हणाली. "इचारत होतास ना."

धम्मानंदनं पेल्याकडं बघितलं. तो जिंकला होता. दीड वर्षं तो आईला हेच सांगत आला होता, अगदी ह्याच शब्दांत. आता त्याला वाटलं, आपण खोटं ठरलो असतो तर किती बरं झालं असतं. त्यानं आईच्या पायाला हात लावायला हात पुढं केला. तिनं पाय आखडून घेतले.

"आय्, आत्याबाई," मनिषा म्हणाली आणि आत गेली. ती तांब्या भरून घेऊन आली. सरजाबाईनं तो घेतला, खाली ठेवला, पिली नाही.

बाहेरून गल्लीच्या टोकाकडनं रंगनाथच्या आईची हाक आली. दिवसभर कुणी तिच्याकडं फिरकलं नव्हतं. "सरजे... आगं सरजे, जेवली का गं?" म्हातारीला स्वतःला भूक लागली की ती असंच विचारायची. एरवी सरजाबाई त्यावर हसायची आणि ताट घेऊन निघायची.

ती उठली नाही. परत हाक आली. मनिषानं एकदा सासूकडं, एकदा खुंटीकडं बघितलं. मग तिनं ताटलीत भाकर-भाजी वाढली आणि धम्मशीलेच्या हातात दिली. "जा, तू देऊन ये. भाकर कुस्करून दे. दात न्हाईत तिला." धम्मशीला ताटली घेऊन गेली.

खाटेवर पंडितला दिसत नव्हतं, पण पेला कलंडल्याचा तो हलका आवाज त्यानं ऐकला होता, आणि तो कशाचा ते कुणी न सांगता त्याला कळलं होतं. आपण बोलायचं आणि हिनं करायचं, असंच आयुष्यभर चाललं. आपण दारोदार माया सांगत फिरलो. घाणीत हात हिचे. तिला आता काय सांगावं? प्रभू बघतोय, हे तर ती त्यालाच शिकवत आली होती.

"प्रार्थना करू," तो म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

धम्मानंद जायला उठलेला होता, तो तसाच उभा राहिला. पप्पूनं मान खाली घातली. पंडितनं डोळे मिटले. त्यानं अन्नासाठी आभार मानले. धम्मशीलेसाठी मागितलं, जिंतूरच्या त्या पाहुण्यांसाठीही मागितलं. रंगनाथच्या आईसाठी मागितलं. व्यंकटरावांचं नाव ओठांवर आलं तेव्हा तो अडखळला, पण तेही त्यानं घेतलं. गेलेल्या सुमनबाईसाठी मागितलं. मग पावसासाठी. मग कारभाऱ्यांसाठी. इथवर आलं की ती रोज त्याला थांबवायची.

तो थोडा थांबला. मग परत गावासाठी मागितलं. मग रस्त्यावरच्यांसाठी, दवाखान्यातल्यांसाठी, तुरुंगातल्यांसाठी. शब्द संपत आले. ती समोरच बसली होती, तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

मागण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो गप्प झाला. कुणीच आमेन म्हटलं नाही. ते त्याला स्वतःला म्हणता आलं असतं. पण ते तिचं होतं. डोळे उघडले तर प्रार्थना संपली असं होईल, म्हणून त्यानं ते मिटलेलेच ठेवले.